राष्ट्रीय प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राचं संशोधन करायचंय? आधी दार ठरवा, मग फॉर्म भरा

एमएस्सी फिजिक्सच्या मुलामुलींकडून दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि चूक बहुतेक वेळा प्रश्नातच असते. "नेट काढली की बीएआरसीत लागतो ना?" "तिथे पीएचडीला घेतलं म्हणजे पुढे तिथेच कायम करतात ना?" "आधी पीएचडी उरकतो, मग ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म भरतो." (नेट म्हणजे संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, बीएआरसी म्हणजे मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि ट्रेनिंग स्कूल म्हणजे तिथली प्रशिक्षण शाळा.) तिन्ही समज चुकीचे आहेत. त्यातला तिसरा सगळ्यांत महागात पडतो, कारण तो चुकीचा होता हे कळेपर्यंत वयाची अट ओलांडलेली असते.

खाली दिलेला क्रम एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून शास्त्रज्ञ म्हणून रुजू होईपर्यंतचा आहे. अणुऊर्जा विभाग, सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद), अवकाश विभाग आणि पुण्या-मुंबईतल्या संशोधन संस्था एवढ्यांपुरतंच लिहिलं आहे. भरतीचे नियम वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून अर्ज भरताना हाताशी त्या वर्षाची मूळ जाहिरात हवी. कोचिंगवाल्यांनी काढलेला तिचा सारांश चालणार नाही.

## टप्पा १: दोन दारं वेगळी ओळखा

पहिलं दार नोकरीचं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल दरवर्षी एमएस्सी झालेल्यांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी निवडतं. ओसीईएस या नावाने तो ओळखला जातो. मुंबईखेरीज कल्पाक्कम, इंदूर आणि हैदराबाद इथेही या स्कूलची केंद्रं आहेत. वर्ष नीट पार पडलं की तुम्ही सायंटिफिक ऑफिसर 'सी' म्हणून थेट कायम नोकरीत. पीएचडी असावी लागत नाही. ती नोकरीत राहून, होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अणुऊर्जा विभागाच्या अभिमत विद्यापीठामार्फत, नंतर करता येते.

दुसरं दार पीएचडीचं आहे. नेट, गेट (अभियांत्रिकी आणि विज्ञानाची पदव्युत्तर पात्रता परीक्षा), जेस्ट (अनेक भौतिकी संस्थांची सामाईक परीक्षा) किंवा टीआयएफआरची, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, परीक्षा द्यायची, जेआरएफ (फेलोशिपवरचा कनिष्ठ संशोधक) म्हणून प्रवेश घ्यायचा, पाच-सहा वर्षांत प्रबंध, मग दोन-चार वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन), आणि त्यानंतर कुठल्या तरी संस्थेत शास्त्रज्ञाच्या किंवा अध्यापकाच्या जागेसाठी अर्ज.

गोंधळ होतो तो असा की दोन्ही प्रकारची माणसं एकाच इमारतीत, एकाच उपकरणावर काम करतात. बीएआरसीतला जेआरएफ आणि बीएआरसीतला ट्रेनी बाहेरून सारखेच दिसतात. पण जेआरएफ हा विद्यार्थी आहे. त्याची फेलोशिप मुदतीची असते, ती संपली की संस्थेवर त्याला नोकरी देण्याचं कुठलंही बंधन नाही. ट्रेनी मात्र पुढच्या नोकरीसाठीच निवडलेला असतो.

दोन्ही दारांमधून संशोधक होता येतं. फरक स्वभावाचा आहे. विषय आपणच निवडायचा, अनिश्चितता चालेल, परदेशी जायची तयारी आहे, असं असेल तर दुसरं दार. घरची परिस्थिती लवकर पगार मागते, मोठ्या यंत्रणेवर गटाने काम करायला आवडतं, आणि विषय खात्याने ठरवला तरी चालेल, असं असेल तर पहिलं. पहिल्या दाराने जाणाऱ्याला "खरा संशोधक नाही" म्हणणारे लोक भेटतील. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉन विकिरणावर किंवा सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन फिरवून तीव्र किरण देणाऱ्या यंत्राच्या) बीमलाइनवर आयुष्यभर उत्तम काम केलेली कितीतरी माणसं याच दाराने आत आली आहेत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आणखी दोन छोटी दारं. डीआरडीओ (संरक्षण संशोधन आणि विकास संस्था) सायंटिस्ट 'बी'साठी गेटचे गुण बघते, त्यात फिजिक्स हा विषय असतो. आणि बीएआरसीचाच एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे. तो रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होण्यासाठी आहे. चांगला अभ्यासक्रम आहे, पण ओसीईएस समजून त्याचा फॉर्म भरू नका. असे फॉर्म भरले जातात.

तपासा: "मी अमुक परीक्षा देतोय" याच्या पुढे "म्हणजे मला अमुक मिळेल" हे वाक्य लिहून पाहा. ते पूर्ण करता येत नसेल तर फी भरण्याआधी जाहिरात पुन्हा वाचा.

## टप्पा २: पात्रता आणि कागदपत्रं

हुशार मुलं परीक्षेत पडतात त्यापेक्षा कागदांत जास्त अडकतात, म्हणून हा टप्पा अभ्यासाच्या आधी घेतला आहे.

वय. ओसीईएससाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा २६ वर्षं आहे. राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत मिळते. एकविसाव्या वर्षी बीएस्सी, तेविसाव्या वर्षी एमएस्सी धरली तर हातात जेमतेम तीन संधी येतात. मध्ये दोन वर्षं बीएडला किंवा एमपीएससीला गेली की एकच उरते. पीएचडीनंतर तर हा प्रश्नच संपतो. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या जेआरएफसाठी मर्यादा ३० आहे, म्हणून तिथे घाई कमी. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर पहिल्याचे प्रयत्न आधी.

टक्के आणि विषय. ओसीईएसला एमएस्सीत किमान ६० टक्के लागतात. बीएस्सीच्या गुणांची आणि बीएस्सीला गणित असण्याची अटही असते. आपल्याकडे बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन गणित पहिल्या वर्षानंतर सोडणारे बरेच असतात. त्यांनी ही अट शब्दन्‌शब्द वाचावी. सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतर विद्यापीठाच्या सूत्रानेच करायचं, आणि ते सूत्र विद्यापीठाच्या पत्रावर किंवा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असलं पाहिजे. सरसकट दहाने गुणून मोकळं होऊ नका.

जातीचे दाखले. महाराष्ट्रातल्या मुलांची सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. केंद्र सरकारच्या भरतीत ओबीसी आणि नॉन-क्रीमिलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नोकरीसाठी काढलेला चालत नाही. राज्याची जात पडताळणी तुमच्याकडे असली तरी त्याने केंद्राच्या नमुन्याची गरज संपत नाही. आपली जात राज्याच्या यादीत आहे म्हणजे ती केंद्राच्या यादीतही आहे असं गृहीत धरू नका, दोन्ही याद्या वेगळ्या आहेत. एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्रात ते लागू नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, म्हणून तो मार्चमध्ये काढलेला असेल तर एप्रिलनंतर नवीन लागेल का ते बघा. तहसील कार्यालयात मे महिन्यात गर्दी असते. मुलाखतीचं पत्र आल्यावर धावपळ करण्यापेक्षा बाकीच्या दाखल्यांचं काम डिसेंबरमध्येच उरका.

नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि पुढे आईचंही नाव येतं. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर तिसराच. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर शोधनिबंधांवर कुठलं नाव टाकायचं हे पहिल्या निबंधाच्या आधी ठरवा, आणि ऑर्किड क्रमांक (नाव बदललं तरी कायम राहणारा संशोधकाचा ओळख क्रमांक) काढून ठेवा. अर्धं काम एका नावावर आणि अर्धं दुसऱ्या नावावर असलं की पुढे अर्जात प्रत्येक वेळी खुलासे लिहावे लागतात.

सावधान: शेवटच्या सत्राचा निकाल लांबला तर बऱ्याच ठिकाणी ठरावीक तारखेपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र चालतं. ही तारीख जाहिरातीत असते. विद्यापीठात अर्ज करून ते हातात पडायला वेळ लागतो.

## टप्पा ३: एमएस्सीचं पहिलं वर्ष

अभिजात यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम यांत्रिकी आणि सांख्यिकीय भौतिकी. हे चार विषय आणि त्यांना लागणारं गणित पक्कं असेल तर वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षांचा मोठा भाग हातात आला. घनस्थिती, अणुकेंद्रीय आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचं महत्त्व परीक्षेनुसार कमी-जास्त होतं.

नेहमीची चूक म्हणजे थेट मागच्या प्रश्नपत्रिका सोडवायला घेणं. प्रश्नपत्रिका दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी प्रमाण पाठ्यपुस्तकातलं प्रकरणाखालचं गणित कागदावर, उत्तर न बघता, शेवटपर्यंत न्यायचं. आठवड्याला दहा गणितं अशी केली तरी वर्षभरात पाया होतो. व्हिडिओ बघून "समजलं" असं वाटणं आणि कोऱ्या कागदावर सोडवता येणं या दोन गोष्टींमधलं अंतर मुलाखतीच्या फळ्यासमोर उघड होतं.

याच वर्षी प्रयोगशाळेचा अनुभव गाठीशी बांधा. टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम, तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा नियस उपक्रम, पुण्यातल्या आयुका (खगोलशास्त्र) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र) या संस्थांच्या अल्पमुदतीच्या शाळा. यांचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी बंद होतात, आणि काही कार्यक्रम बीएस्सीच्याच मुलांसाठी असतात. मे महिन्यात चौकशी करणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

जागा मिळाली नाही तर आपल्याच विभागातल्या प्रयोगशाळेत एक उपकरण नीट शिका. व्हॅक्यूम पंप स्वतः सुरू-बंद करता येणं, पिरानी गेज कुठल्या दाबापर्यंत विश्वासार्ह असतं हे सांगता येणं, लॉक-इन अॅम्प्लिफायर गोंगाटातून सिग्नल कसा काढतो हे समजणं, पायथनमध्ये स्वतःच्या मोजमापाला वक्र बसवून त्रुटी काढता येणं. बारीकसारीक वाटणाऱ्या या गोष्टींवरच मुलाखतीत अर्धा तास जाऊ शकतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. त्याचं काम बघितलं तर लागणारी माणसं प्रामुख्याने लेझर, व्हॅक्यूम, नियंत्रण प्रणाली आणि डेटा विश्लेषण येणारी आहेत. सापेक्षतावादाची समीकरणं येणारी मंडळी आपल्याकडे तुलनेने जास्त आहेत.

तपासा: प्रोजेक्टच्या अहवालातला प्रत्येक आलेख कोणी, कुठल्या उपकरणावर, किती त्रुटीसह घेतला हे सांगता येतं का? गाईडने दिलेला आलेख असेल तर तसं लिहा.

## टप्पा ४: परीक्षांचं वर्ष

साधारण क्रम असा राहतो. गेटचा फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. टीआयएफआरचा फॉर्म पावसाळ्यानंतर, परीक्षा बहुधा डिसेंबरच्या आसपास. जेस्ट फेब्रुवारी-मार्चमध्ये. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्राची, प्रत्यक्ष तारखा मागे-पुढे होतात. ओसीईएसची जाहिरात बहुधा जानेवारीच्या सुमारास. आयुका-एनसीआरएची प्रवेशप्रक्रिया वेगळी पाहावी लागते. हे सगळं सप्टेंबरमध्येच एका कागदावर लिहून भिंतीला लावा.

आता प्रत्येकीचं वळण.

नेट. तीन तास, २०० गुण. भौतिक विज्ञानात ७५ पैकी जास्तीत जास्त ५५ प्रश्न सोडवायचे: 'अ' भागात २० पैकी १५, 'ब'मध्ये २५ पैकी २०, 'क'मध्ये ३० पैकी २०. 'क'चा प्रत्येक प्रश्न ५ गुणांचा आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या पाव गुणांची वजाबाकी. म्हणजे ही निवडण्याची परीक्षा आहे. 'क'मधले बारा प्रश्न खात्रीने सोडवणारा वीस प्रश्नांवर नेम धरणाऱ्याच्या पुढे जातो. २०२४ च्या जून सत्रापासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सगळं; सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश; फक्त पीएचडी प्रवेश. "नेट झाली" असं सांगताना यातली कुठली झाली ते सांगा. फेलोशिप फक्त पहिल्या गटाला मिळते.

गेट. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ सामान्य क्षमतेचे. हे १५ फुकट सोडणारे फिजिक्सवाले खूप. संख्यात्मक उत्तराच्या आणि अनेक पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना उणे गुण नाहीत, ते कोरे ठेवायचे नाहीत. पडद्यावरच्या गणकयंत्राचा सराव आधी करा. निकाल तीन वर्षं चालतो, म्हणून एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी ही द्यायचीच.

जेस्ट. एकाच परीक्षेच्या गुणांवर पुष्कळ संस्थांचे अर्ज: इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरचं आयपीआर, अहमदाबादचं पीआरएल, कोलकात्याचं साहा इन्स्टिट्यूट आणि व्हीईसीसी, प्रयागराजचं एचआरआय, चेन्नईचं आयएमएस्सी वगैरे. इथे होणारी चूक साधी आहे. परीक्षा दिली म्हणजे अर्ज झाला असं नाही. बऱ्याच संस्था स्वतंत्र अर्ज मागतात आणि त्यांची मुदत वेगळी असते.

टीआयएफआर. पाठांतर इथे सगळ्यांत कमी उपयोगाचं. सममिती, परिमाण, सीमेवरची टोकाची स्थिती बघून लांबलचक गणित तीन ओळींत संपवता येतं का, ते तपासतात.

ओसीईएस. बीएआरसीच्या ऑनलाइन परीक्षेतून किंवा गेटच्या गुणांवरून मुलाखतीला बोलावण्याची पद्धत राहिली आहे. त्या वर्षी यातलं काय लागू आहे ते जाहिरातीत स्पष्ट असतं. लेखी परीक्षा फक्त मुलाखतीपर्यंत आणते. अंतिम यादी मुलाखतीवर लागते.

सावधान: सगळ्या परीक्षा सारख्याच जोराने देऊ नका. पहिलं दार ठरवलं असेल तर ओसीईएस आणि गेट. दुसरं असेल तर नेट, जेस्ट आणि टीआयएफआर. गेट सोडून उरलेल्या सवड असेल तरच.

## टप्पा ५: मुलाखत

तयारीला सगळ्यांत कमी वेळ इथेच दिला जातो. लेखी झाल्यावर आठ दिवस सुट्टी, मग पत्राची वाट, आणि पत्र आलं की जुनी वही. हा क्रम उलटा करा. लेखी झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फळ्यासमोर उभं राहा.

बहुतेक मुलाखतींमध्ये आवडते दोन-तीन विषय विचारले जातात. उत्तर आधीच ठरलेलं हवं, आणि ते विषय खरंच तुमचे हवेत. "क्वांटम" म्हणून भारदस्त दिसायला जाणारे हायड्रोजनच्या पुढे पहिल्या दहा मिनिटांत अडकतात. एक अभिजात विषय आणि एक तुमच्या प्रोजेक्टला चिकटलेला विषय, अशी जोडी बरी.

प्रश्न कसे वाढत जातात याचा एक नमुना देतो. समजा तुम्ही अणुकेंद्रीय भौतिकी सांगितलीत.

खोलीच्या तापमानाला ऊष्मीय न्यूट्रॉनची ऊर्जा किती? सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वेग? सेकंदाला २,२०० मीटर. तरंगलांबी? सुमारे १.८ अँगस्ट्रॉम. इथवर पाठ करून येता येतं. मग विचारतील, ही लांबी आणखी कशाच्या आकाराएवढी आहे? स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराएवढी, म्हणून न्यूट्रॉनने स्फटिकाची रचना बघता येते. विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन मात्र मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असतो, त्याला मंद कसं करायचं? शिसं लावलं तर? इथे संवेग आणि ऊर्जा अक्षय्यतेचं सूत्र फळ्यावर मांडायचं. समोरासमोर टक्कर झाली तर न्यूट्रॉन प्रोटॉनला जवळपास सगळी ऊर्जा देतो, शिशाच्या केंद्रकाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांच्या आसपास. मग साधं पाणी का नको? कारण त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतोही. म्हणून नैसर्गिक युरेनियम वापरणाऱ्या तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत जड पाणी आहे.

पाहा, अवघड गणित यात कुठेच नाही. बीएस्सीचं यांत्रिकी, डी-ब्रॉग्लीचं सूत्र आणि आकड्यांचा अंदाज. पण एका पायरीवरून दुसरीवर जाताना पाय अडखळतो, कारण विषय वेगवेगळ्या वह्यांत शिकलेले असतात.

तयारीची पद्धत: एका मित्राला समोर बसवा, त्याचं फिजिक्स नसलं तरी चालेल. प्रत्येक उत्तरानंतर त्याने फक्त "का?" आणि "किती?" एवढंच विचारायचं. आलेख काढताना अक्षांना नावं, शून्यापाशी आणि अनंतापाशी वक्र कसा जातो ते आधी. आकडा आला की तो शक्य आहे का ते मोठ्याने तपासा.

भाषेची भीती बाळगू नका. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीत वाक्य जुळवताना विचार तुटतो, ते खरं आहे. त्यावर उपाय अस्खलित इंग्रजी नाही. लहान वाक्यं, आणि बोलण्याआधी फळ्यावर आकृती. समिती आकृतीवर बोलायला लागते आणि वाक्यरचनेकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

येत नसेल तर "येत नाही, पण इथून सुरुवात करेन" असं म्हणून सुरुवात करा. सूचना दिली की ती उचला. दिलेली सूचना ऐकून न घेता स्वतःचंच पुढे रेटणारा उमेदवार चांगल्या उत्तरांनंतरही बाद होतो.

तपासा: सूत्रांचं पुस्तक मिटून हे आकडे सांगता येतात का: खोलीच्या तापमानाला केटी (ऊष्मीय ऊर्जा), हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात, प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीचा पल्ला?

## टप्पा ६: पहिल्या दारातून आत आल्यावर

निवडीनंतर वैद्यकीय तपासणी आणि पोलिस पडताळणी होते. गावचा पत्ता आणि शहरातला पत्ता दोन्ही नीट द्या, पडताळणी पत्त्यावरून चालते. तीन वर्षं सेवेचा बाँड लिहून द्यावा लागतो.

प्रशिक्षणाचं वर्ष हे दुसरं एमएस्सी आहे, फक्त वेग जास्त. सतत परीक्षा असतात आणि किमान ५० टक्के मिळाले नाहीत तर नेमणूक होत नाही. "निवड झाली, आता सुटलो" म्हणणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात धक्का बसतो.

नेमणूक गुणवत्ता आणि खात्याची गरज बघून होते. तुर्भेच मिळेल असं नाही. कल्पाक्कम, इंदूर, कोलकाता, कुठेही जावं लागू शकतं. कामही मूलभूत संशोधनाचंच मिळेल असं नाही, विकिरण सुरक्षा किंवा अणुभट्टीशी निगडित कामही येतं. विभागप्रमुख जेव्हा गटांची माहिती द्यायला येतात तेव्हा मागच्या बाकावर बसू नका. ज्या गटात जायचं आहे तिथल्या माणसांना वर्ष संपायच्या आधी भेटून घ्या.

पीएचडीची नोंदणी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत लवकर करा. नोकरीची कामं वाढत जातात, आणि "पुढच्या वर्षी करू" म्हणत नोंदणी राहून गेलेले अनेक जण दिसतील. आणखी एक: शोधनिबंध बाहेर पाठवण्याआधी अंतर्गत परवानगी लागते. परिषदेच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी ती मागू नका.

## टप्पा ७: दुसऱ्या दारातून आत आल्यावर

जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मूल्यमापनानंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधक फेलो) म्हणून ४२,०००, आणि वसतिगृह नसेल तर घरभाडं भत्ता. रक्कम कधीकधी काही महिने उशिरा जमा होते, तेव्हा पहिल्या महिन्यापासूनच तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असं बघा.

गाईड निवडताना संस्थेच्या नावाला भुलू नका. गाईडला भेटण्याआधी त्याच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि विचारा: शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना प्रबंध द्यायला किती वर्षं लागली? मध्येच कोण सोडून गेलं का? पहिला निबंध कितव्या वर्षी आला? उपकरण चालू आहे की यायचंय? निवृत्तीला किती वर्षं उरली? प्रायोगिक काम असेल तर द्रव हेलियम नियमित मिळतं का, इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर बीमटाइम (प्रयोगासाठी ठरवून मिळणारा वेळ) कसं मिळतं. "उपकरण येत्या मार्चमध्ये येतंय" हे वाक्य ऐकलं तर दुसराही पर्याय हातात ठेवा. सरकारी खरेदीत मार्च बऱ्याच वेळा येतो.

पहिल्या वर्षात कोर्सवर्क आणि साहित्याचा आढावा. दुसऱ्या वर्षात एक लहान, संपणारा प्रश्न. थोर प्रश्न घेऊन तीन वर्षं घालवण्यापेक्षा लहान प्रश्नाचा निबंध दुसऱ्या वर्षी आला की हात बसतो. नोंदवही रोज, तारखेसह, चुकलेल्या मोजमापांसकट लिहा. डेटाच्या दोन प्रती, वेगळ्या ठिकाणी.

पोस्टडॉकचे अर्ज प्रबंध सादर करायच्या साधारण वर्षभर आधी सुरू होतात. परदेशातल्या पुष्कळ जागांच्या मुदती ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. शिफारसपत्रं तीन लागतात, आणि त्यातलं एक तरी तुमच्या संस्थेबाहेरच्या माणसाचं हवं. ती ओळख अर्जाच्या महिन्यात करून घेता येत नाही. परिषदेत दिलेल्या भाषणातून आणि नंतरच्या पत्रव्यवहारातून ती हळूहळू होते. भारतात राहायचं असेल तर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप आहे. तिलाही वयाची अट आहे.

सावधान: सीएसआयआरच्या सायंटिस्ट पदासाठी, म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही त्यात आली, कमाल वय सामान्यतः ३२ असतं. सहा वर्षं पीएचडी आणि चार वर्षं पोस्टडॉक केलेला माणूस इथे बहुतेक वेळा बाहेर पडतो. दुसरा पोस्टडॉक घेण्याआधी हा हिशेब करा. टीआयएफआरसारख्या ठिकाणची अध्यापकपदं आणि परत येणाऱ्यांसाठीची रामानुजन फेलोशिप यांचे नियम वेगळे आहेत.

परतण्याचा अर्ज पाठवताना संशोधन आराखडा इथल्या उपकरणांवर बेतलेला हवा. परदेशातल्या प्रयोगशाळेचीच प्रतिकृती मागणारा आराखडा समितीला पहिल्या पानावर ओळखू येतो. पहिल्या वर्षात काय खरेदी कराल, ते येईपर्यंत काय कराल, आणि संस्थेतल्या कुठल्या गटाचं उपकरण वापराल, हे तीन परिच्छेद नीट लिहा.

## टप्पा ८: बढतीचा कागद पहिल्या दिवसापासून

अणुऊर्जा विभागात सायंटिफिक ऑफिसरची चढण सी, डी, ई, एफ, जी, एच अशी आहे. 'सी' सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर, मूळ वेतन ५६,१०० पासून, आणि 'एच' चौदाव्या स्तरावर, १,४४,२०० पासून. सीएसआयआरमध्ये सायंटिस्टपासून चीफ सायंटिस्टपर्यंत जातात, तिथली सुरुवात अकराव्या स्तरावर होते. जागा रिकामी होण्याची वाट न पाहता ठरावीक वर्षांनंतर गुणवत्तेवर मूल्यमापन होतं, आणि पुन्हा मुलाखत असते.

या मुलाखतीत गटाचं काम सांगून भागत नाही. तुम्ही स्वतः काय केलंत ते विचारतात. मोठ्या प्रकल्पात दहा जणांनी मिळून बसवलेल्या यंत्रणेतला आपला भाग चार वर्षांनी वेगळा काढून दाखवणं कठीण जातं. म्हणून दर तीन महिन्यांनी अर्धं पान लिहून ठेवा: कुठलं सर्किट तुम्ही आखलं, कुठला कोड तुमचा, कुठली बिघाडाची मुळं तुम्ही शोधलीत, अंतर्गत अहवालाचा क्रमांक काय, कोणाला शिकवलंत. वार्षिक अहवाल भरायची वेळ आली की हीच पानं समोर घेऊन बसायचं, आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवायची.